विद्युल्लताबाई काशी पाहतात

विद्युल्लताबाईंचं माहेर ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आणि सासर त्याच घाटाच्या खालच्या गल्लीत. माहेरी पापड भाजला की सासरी वास यायचा. त्यांच्या लग्नाची वरात वाजंत्र्यांचं पहिलं गाणं संपायच्या आतच दारात येऊन ठेपली. एवढ्यात संपली तर वरात कसली, म्हणून वडीलधाऱ्यांनी ती मागे वळवून दुर्गा घाटावरून फिरवून आणली. ही गोष्ट गल्लीत अजून सांगतात, आणि विद्युल्लताबाई स्वतःच सगळ्यांत रंगवून सांगायच्या.

त्यांचे यजमान ढुंढिराजशास्त्री घनपाठी. वेदाचं एकेक पद पुढं-मागं फिरवून न चुकता म्हणायचं, ही त्यांच्या घराण्याची सात पिढ्यांची विद्या. मूळचे कृष्णाकाठचे, पण कृष्णा पाहिलेलं आता घरात कोणी उरलं नव्हतं. मराठी मात्र उंबऱ्याच्या आत जशीच्या तशी होती. नाही म्हणायला भाजीची सब्जी झाली होती, किल्लीची चाबी झाली होती आणि रिकामा वेळ म्हणजे फुरसत. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. एकुलता एक मुलगा नरहर बँकेत लागून कानपूरला गेला, आणि त्याची मुलं तर आजीशीही हिंदीतच भांडत.

बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. पंचगंगा घाटावर स्नान, बिंदुमाधवाचं दर्शन, सणावारी विश्वनाथ आणि अन्नपूर्णा, कधीमधी ठठेरी बाजारातून भांडं बदलून आणणं, फार झालं तर चौकातून एखादी साडी. एवढ्यात त्यांची काशी संपत असे. गोदौलियाच्या चौरस्त्यापलीकडे शहर आहे हे त्यांना ठाऊक होतं, जसं समुद्रापलीकडे विलायत आहे हे ठाऊक असतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एक दिवस रत्नाकर घरी आला. हा त्यांच्या भाचीचा, नागपूरच्या सुमेधाचा नवरा. पाटबंधारे खात्यात इंजिनियर. कसल्याशा सरकारी कामासाठी एक दिवस काशीला आला होता. जेवण झाल्यावर सुपारी कातरत तो म्हणाला,

"मावशी, नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन यावं म्हणतो. आईला काशी करायचीच आहे. पण पोरांचं काय? नुसती देवळं असतील तर आमचा बाळ दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळांवरून चालत नागपूर गाठेल."

"नुसती देवळं?" विद्युल्लताबाई ताडकन म्हणाल्या. त्यांच्या गावाला कोणी नुसती म्हटलेलं त्यांना खपत नसे. "अहो, काय नाही काशीत ते विचारा! सारनाथ आहे, रामनगरचा किल्ला आहे, विश्वविद्यालय आहे. चार दिवस पुरायचे नाहीत. तुम्ही या तर खरे. मी दाखवते सगळं."

"तुम्ही स्वतः?"

"मग काय शेजारीण दाखवणार?"

रत्नाकर खूश होऊन गेला. दाराआडून ऐकणारे ढुंढिराजशास्त्री त्याची पाठ वळताच बाहेर आले.

"सारनाथ कोणत्या दिशेला आहे गं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

बाईंनी पदर खोचला आणि खरकटी ताटं उचलली. "विचारत विचारत माणूस काशीला जातो म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी तर काशीतच बसलेय. मला काय कठीण?"

"पण काशीत पाहायचं काय असतं?" शास्त्रीबुवा म्हणाले. "काशीत राहायचं असतं."

राहून झालं होतं. आता पाहायला हवं होतं, आणि मध्ये दोन-अडीच महिनेच हाताशी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शेजारच्या पद्माकडे गेल्या. पद्माचा नवरा रेल्वेत, आणि ती स्वतः जबलपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. गल्लीतल्या बायकांत एकटं सिनेमाला जाऊन आलेली ती एकच. सगळी हकिगत ऐकून ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

"हसून झालं असेल तर चल," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"काशी बघायला."

मग त्या दोघींचं दुपारचं भ्रमण सुरू झालं. शास्त्रीबुवांच्या पाठशाळेचा वर्ग दुपारी भरे, तेवढीच फुरसत. मैदागिनपर्यंत गल्लीगल्लीने पायी आणि तिथून रिक्शा. पहिल्या दिवशी विश्वविद्यालयाच्या भव्य दरवाजातून आत शिरताना बाईंनी चपला काढून हातात घेतल्या. पद्माने त्यांना हळूच सांगितलं की हे देऊळ नाही, देऊळ अजून बरंच आत आहे. तिथले ते रुंद रस्ते, दुतर्फा आंब्याची झाडं आणि सायकलवरून हसत-बोलत जाणाऱ्या मुली पाहून बाई हातातल्या चपला तशाच धरून थबकल्या. मग एवढंच म्हणाल्या, "पद्मे, हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून इथंच होतं?"

पण बाई नुसत्या पाहून येत नव्हत्या. प्रत्येक ठिकाणी त्या सोबत येणाऱ्या एकेकाच्या डोळ्यांनी बघत. रत्नाकरची आई म्हणजे माई. तिचे गुडघे धरलेले. तिला बसायला सावलीतला दगड कुठे आहे? पायऱ्या किती उंच आहेत? सहा वर्षांच्या बाळला ऐन वेळी लागली तर आडोसा कुठे? धावत सुटला तर कुठपर्यंत जाईल? दहा वर्षांची गीता म्हणे वाचणारी आहे. तिला वाचायला पाटी आहे का? सारनाथला त्यांनी स्वतः एका कट्ट्यावर गुडघे दुखत असल्यासारखं बसून पाहिलं आणि कट्टा पास केला. कचोरी कुठली तिखट, कुठली मुलांना चालेल, हे ठरवताना पद्मा आणि त्या रोज थोडं जास्तच संशोधन करीत. संध्याकाळी भूक नाही म्हणून बाई जेवत नसत, आणि शास्त्रीबुवा चिंतेने वैद्याला बोलवायची भाषा करीत.

रामनगरचं प्रकरण अवघड होतं. गंगेच्या पलीकडच्या काठाला काशीकर व्यासकाशी म्हणतात. या तीरावर देह पडला तर मोक्ष आणि त्या तीरावर पडला तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी जुनी समजूत. गल्लीतले बाकीचे शास्त्री माघात व्यासदर्शनाला जाऊन येत, दक्षिणेलाही जात. पण ढुंढिराजांच्या आजोबांनी काशीची वेस न ओलांडण्याचं व्रत घेतलं होतं. ते वडिलांनी अर्धं पाळलं आणि ढुंढिराजांनी त्यातला नदीचा भाग तेवढा घट्ट धरून ठेवला होता. कानपूरला ते रेल्वेने दोनदा जाऊन आले होते, पण पलीकडच्या वाळूवर त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यामुळे बाईंचंही नाही.

"मी विचारणारच नाही त्यांना," बाई पद्माला म्हणाल्या. "विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग त्यांचं न ऐकल्याचं पाप लागेल. न विचारता गेले तर नुसतं जाण्याचं."

घाटावरचा नावाडी विष्णु मल्लाह त्यांना घेऊन गेला. बाई जन्मभर गंगेत बुड्या मारत आल्या होत्या, पण तिच्या मध्यावर कधी गेल्या नव्हत्या. नाव धारेला लागली तशी त्यांनी डोळे मिटले आणि विष्णुच्या गमछ्याचं टोक मुठीत धरलं, ते किल्ल्याची भिंत येईपर्यंत सोडलं नाही. येताना मात्र उघड्या डोळ्यांनी आल्या. उन्हं कलली होती आणि पाण्यापलीकडे सगळे घाट उजळून निघाले होते. आपण जिथं राहतो ते बाहेरून असं दिसतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. "पद्मे," त्या म्हणाल्या, "घरात बसलेल्याला घर दिसत नाही गं."

नाताळच्या सुट्टीत मंडळी आली. माई, रत्नाकर, सुमेधा, गीता आणि बाळ. पहिला दिवस बाईंनी मुद्दामच माईंना दिला. स्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव. माईंची काशी आधी झाली की ती पोरांच्या काशीला आड येणार नाही, हा त्यामागचा हिशोब. मुलं कंटाळायच्या आतच त्यांनी चौखंबा गल्लीत नेऊन त्यांच्या हातात मलइयोचे मातीचे कुल्हड दिले. थंडीच्या दिवसांत, दवात ठेवलेल्या दुधाचा हा केशरी फेस. बाळने तोंडात घातला आणि तो नाहीसा झाला. त्याने कुल्हडात डोकावून पाहिलं, जिभेवर बोट फिरवून पाहिलं.

"आजी, मी खाल्लं की नाही?"

"नाही वाटतं. अजून एक घे."

गीताला जिकडेतिकडे मराठी ऐकू येण्याचं नवल वाटत होतं. पण ते मराठी तिला थोडं वेगळं लागे. "आजी, तुम्ही 'सब्जी चढवली' म्हणता," ती खुदकन हसली. "आम्ही भाजी टाकली म्हणतो."

"टाकता?" बाई म्हणाल्या. "टाकायची कशाला गं चांगली सब्जी?"

दुसऱ्या दिवशी सारनाथ. दोन एक्के ठरवले. बाईंनी वाटेत सगळ्यांना तिथल्या चार सिंहांचं असं वर्णन ऐकवलं की बाळ एक्क्याच्या फळीवर उभा राहून गर्जना करायला लागला. नोटेवर, पैशावर असतात तेच सिंह, खरेखुरे, दगडाचे, आरशासारखे गुळगुळीत. संग्रहालयाच्या दारापाशी एक्के थांबले. दाराला कुलूप होतं.

शुक्रवार होता. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं. बाई मागच्या खेपेला मंगळवारी आल्या होत्या, आणि उघड्या दाराची पाटी कोण वाचतं?

बाईंचा चेहरा पडला. बाळच्या तोंडातली गर्जना रडण्याकडे वळू लागली. रत्नाकर समजूतदारपणे म्हणाला, "असू दे हो मावशी, होतं असं." त्या समजूतदारपणाने तर त्यांना जास्तच मेल्यासारखं झालं. इतक्या दुपारी खर्ची घालून, एकेक कट्टा बसून पाहून, शेवटी वार तेवढा विचारायचा राहिला.

"चला, स्तूप तरी पाहू," सुमेधा म्हणाली.

हिरवळीवर ऊन पडलं होतं. तिथं लडाखकडची काही यात्रेकरू मंडळी उन्हात बसली होती, जाड लोकरी कपडे आणि हसरे, सुरकुतलेले चेहरे. त्यातल्या एका म्हातारीच्या हातात दांडीवर फिरणारं पितळी प्रार्थनाचक्र होतं. बाळ रडायचं विसरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने चक्र त्याच्या हातात दिलं आणि मनगट धरून कसं फिरवायचं ते दाखवलं. तेवढ्यात माई आपल्या कट्ट्यावर, बाईंनी पास केलेल्या कट्ट्यावर, जाऊन बसल्या, आणि ती म्हातारीही उठून त्यांच्या शेजारी येऊन टेकली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. पण थोड्या वेळाने विद्युल्लताबाई पाहतात तर दोघीही आपापले गुडघे दाबून दाखवीत होत्या आणि माना हलवीत होत्या. लडाखच्या आजीने झोळीतून वाळलेले जर्दाळू काढले, माईंनी डब्यातले बेसनाचे लाडू काढले. मुलांनी शेजारच्या उद्यानातल्या हरणांना गाजरं घातली. एका हरणाने गीताच्या वेणीची रिबीन ओढली, आणि पुढचे कित्येक महिने नागपुरात त्याचीच गोष्ट चालली.

परत येताना माई म्हणाल्या, "सिंह राहू द्या हो विद्युताई. सिंहांनी मला जर्दाळू दिले असते का?"

तरीही बाईंच्या मनातली रुखरुख गेली नाही. उद्याचा रामनगरचा दिवस तरी नीट पार पडायला हवा होता. सकाळी निघताना त्यांनी यजमानांना एवढंच सांगितलं की नावेतून घाट दाखवायला जातो, दुपारपर्यंत येऊ. खोटं नव्हतंच ते. घाट वाटेतच होते.

विष्णु नाव प्रवाहाविरुद्ध वल्हवत निघाला. पांढरे समुद्रपक्षी नावेभोवती घिरट्या घालत होते, मुलं त्यांना शेव टाकत होती. मणिकर्णिका जवळ आली तशी सुमेधा अस्वस्थ झाली.

"केवढ्या शेकोट्या!" बाळ ओरडला.

सुमेधाने त्याचं तोंड फिरवायला हात पुढे केला. पण या ठिकाणाचा बाईंनी आधीच विचार करून ठेवला होता. मुलांना घेऊन जायचं तर नाव लांबून न्यावी का, असं त्यांनी पद्मालाही विचारलं होतं, आणि मग स्वतःच नको म्हणाल्या होत्या. त्या बाळला म्हणाल्या, "तिथं लोक आपल्या माणसांना शेवटचा नमस्कार करायला येतात. आपणही करू या."

बाळने हात जोडले. गीताने जोडले. नाव पुढे सरकली, आणि जरा वेळाने पाण्यातून एक काळी, गुळगुळीत पाठ वर येऊन पुन्हा बुडाली. "सूंस!" विष्णु म्हणाला, आणि गंगेतला तो डॉल्फिन पुन्हा कधी वर येतो हे पाहण्यात मुलं रामनगर येईपर्यंत गुंग झाली.

किल्ल्याखाली नाव लागली. रत्नाकरने उडी मारून आईला हात दिला. एवढ्यात विष्णुला विनोद सुचला.

"सँभल के माताजी! इस पार जो मरा सो गदहा!"

माईंनी उचललेला पाय पुन्हा नावेत ठेवला. "काय म्हणाला तो?"

बाईंनी विष्णुकडे अशा नजरेने पाहिलं की त्याची वल्ही वितळली असती. पण आता सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं. माईंनी ऐकून घेतलं आणि नावेच्या फळीवर ठाण मांडलं.

"मी नाही उतरायची. साठ वर्षं उपासतापास केले ते काय गाढव होऊन ओरडायला?"

"मला व्हायचंय गाढव!" बाळ म्हणाला. "गाढवाला शाळा नसते."

"और आप तो," विष्णुचा उत्साह ओसरला नव्हता, तो बाईंकडे बोट दाखवून म्हणाला, "पिछली बार आँख मूँद के आयी थीं। हमार गमछा फाड़ दिहिन। पहिली बार पार उतरीं!"

सगळ्यांनी वळून बाईंकडे पाहिलं.

"पहिल्यांदा?" सुमेधा म्हणाली. "मावशी, म्हणजे तू याआधी रामनगर..."

"पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "सारनाथही नाही. विश्वविद्यालयही नाही. तुम्ही येणार म्हणून पाहिलं सगळं." आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "रत्नाकरराव, त्या दिवशी तुमच्यासमोर तोंडातून निघून गेलं आणि मग मागे कसं घेणार? पण एक सांगू? मोठी मजा आली."

रत्नाकर आणि सुमेधा हसत सुटले. माई मात्र हसल्या नाहीत. "आमच्यासाठी तुम्ही जन्माचा नेम मोडून हे पाणी ओलांडलंत?" त्या म्हणाल्या.

"नेम यजमानांचा. मी फक्त त्यांच्या घरात राहते."

"गाढव व्हायची भीती नाही वाटली?"

"माई, आज दुपारी मरायची तुम्हाला काही घाई आहे का?"

"मला? छे! नातवाची मुंज बघायची आहे अजून."

"मग चला तर. परत जाईपर्यंत मरायचं नाही, एवढं ठरवून उतरू."

माईंनी पदर सावरला, रत्नाकरचा हात धरला आणि देवाचं नाव घेऊन उतरल्या.

किल्ल्यात सगळ्यांच्या दिवसाचं सोनं झालं. जुन्या मोटारी पाहून बाळ वेडा झाला. पालख्या, हस्तिदंती अंबाऱ्या, तलवारी. गीता पाट्या वाचत मागे राही आणि सगळ्यांना थांबावं लागे. तिथं एक थोरलं घड्याळ आहे. ते वेळेबरोबर तिथी, नक्षत्र, चंद्रसूर्य सगळंच दाखवतं. त्याच्यापुढून रत्नाकरला ओढून आणायला शेवटी सुमेधाला जावं लागलं. माई व्यासांच्या देवळात बसल्या, आणि आपण गाढव होऊ नये म्हणून ज्याला सांगायचं त्याच्याच दारात बसलोय, तर नीटच सांगून ठेवावं, असं म्हणून त्यांनी जरा जास्त वेळ हात जोडले.

बाहेर आले तेव्हा वारा सुटला होता. पश्चिमेकडून पछुवा असा झोंबत होता की गंगेवर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या. विष्णुने मान हलवली. लेकरं घेऊन या वाऱ्यात नाव घालणार नाही, म्हणाला, वारा पडेल तेव्हा पडेल. मंडळी लस्सीच्या दुकानात शिरली. रामनगरची लस्सी, वर बोटभर रबडी. बाकीचे खात होते, पण बाईंचं लक्ष उडालं होतं. दुपार सरत आली. घरी यजमानांना काय सांगून निघालो? वारा दिसतोय त्यांना. नाव कुठं आहे ते ठाऊक नाही. घाटावर येरझारा घालत असतील.

त्या उठून दुकानाबाहेर, नदीच्या उतारावर येऊन उभ्या राहिल्या. हिवाळ्यात तिथं लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून पूल बांधतात, पिपापूल. वाऱ्यात तो खालीवर झुलत होता, माईंना त्यावरून न्यायची बाईंची छाती होत नव्हती. बैलगाड्या थांबल्या होत्या, सायकलवाले उतरून चालत होते. आणि त्या झुलत्या पुलावरून, कडेचा दोर एका हाताने घट्ट धरून, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा सावरत, लाल शाल पांघरलेला एक माणूस एकेक पाऊल टाकत येत होता. त्याचे ओठ सारखे हलत होते. एवढ्या लांबूनही बाईंनी ते ओठ ओळखले. ढुंढिराजशास्त्री घनपाठ म्हणत पूल ओलांडत होते.

बाई धावत खाली गेल्या. पुलाची शेवटची फळी आणि पलीकडची वाळू यांच्यामध्ये शास्त्रीबुवा थबकले.

"सगळे धड आहात?" त्यांनी विचारलं.

"धड आहोत. वाऱ्यामुळे अडकलो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पद्मेने. वारा सुटल्यावर ती रडायलाच लागली, मग सांगितलंन सगळं. मागच्या महिन्याचंही."

बाईंनी मान खाली घातली. "तुम्ही कशाला आलात पण? तुमचा नेम..."

शास्त्रीबुवांनी पायाखालच्या फळीकडे पाहिलं, पुढच्या वाळूकडे पाहिलं. "तिकडच्या काठावर बराच वेळ उभा होतो," ते म्हणाले. "मग मनात आलं, ही इकडं राहिली आणि गाढव झाली, तर मी तिकडं मोक्षात एकटा करू काय?"

आणि त्यांनी वाळूवर पाऊल टाकलं.

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं काही बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. डोळ्यांत वाळू गेल्याचं निमित्त करून त्यांनी पदर लावला. मागून बाळ आला आणि ओरडला, "आजोबा, तुम्ही पण गाढव होणार? मग आपण तिघं!"

"होऊ की," आजोबा म्हणाले. "ओझं मात्र तू वाहायचंस."

लस्सीच्या दुकानात सगळ्यांनी सरकून जागा केली. शास्त्रीबुवांनी पहिला घोट घेतला, मग दुसरा, मग कुल्हड संपेपर्यंत थांबलेच नाहीत. मिशीला लागलेली रबडी पुसत त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे इतकी वर्षं इथं मिळत होतं?" त्यानंतर माईंनी त्यांना व्यासांच्या देवळात नेऊन आणलं आणि रत्नाकरने घड्याळापुढे उभं केलं. त्या घड्याळातली तिथी त्यांनी बोटांवर मोजून पडताळली. बरोबर निघाली तेव्हा त्यांनी यंत्राला मान डोलावून दाद दिली. दिवस मावळायच्या आत सगळे त्याच झुलत्या पुलावरून परतले, माईंना मधे घेऊन.

जायच्या दिवशी बाई आणि शास्त्रीबुवा पोचवायला स्टेशनवर गेले, तेव्हा कळलं की गाडी चांगलीच उशिरा आहे. बाईंच्या योजनेत आता काहीच उरलं नव्हतं. सामान रत्नाकरजवळ ठेवून फलाटावर बसायचं एवढंच. पण रिक्शावाला म्हणाला, इथंच जवळ भारतमातेचं देऊळ आहे, बच्चों को दिखा लाइये। बाईंनी ते पाहिलेलं नव्हतं. पद्मानेही नाही. या वेळी त्या कबूल करायला लाजल्या नाहीत.

देवळात मूर्ती नव्हतीच. जमिनीत संगमरवराचा भला मोठा नकाशा कोरलेला, डोंगर उंच, नद्या खोल, सभोवती उभं राहून पाहायचा. गीताने भूगोलाच्या तासासारखी सगळ्यांना गंगा दाखवली, मग काशी, मग बोटाने हवेत रेघ ओढत नागपूर. "एवढंसंच तर आहे!" ती म्हणाली.

"आणि कृष्णा कुठं आहे गं?" बाईंनी विचारलं.

गीताने दाखवली. पश्चिमेच्या डोंगररांगेतून एक बारीक चर निघून पूर्वेकडे गेला होता. बाई कठड्यावर वाकून पाहत राहिल्या. जिची बोली त्या जन्मभर बोलत आल्या, तो मुलूख त्यांच्यापासून तीन-चार पावलांवर पांढऱ्या दगडात पसरला होता. शास्त्रीबुवा त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"उगमाजवळच कुठंतरी आपलं गाव," ते म्हणाले. "वडील सांगत."

"उन्हाळ्यात नागपूरला या," सुमेधा म्हणाली. "तिथून आम्ही नेऊ. आता दाखवायची पाळी आमची."

"तू पाहिलं आहेस का ते?" बाईंनी विचारलं.

सुमेधा हसली. "नाही. पण तुम्ही येणार म्हटल्यावर आधी जाऊन पाहून येईन."

गाडी आली, मंडळी गेली. घर एकदम मोठं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी पद्मा आली आणि तिने बातमी दिली: अकोल्याहून कुणाकडे पाहुणे येणार आहेत, मुलंबाळं बरोबर, आणि त्यांनी विचारलंय की शास्त्रीबुवांच्या मंडळी काशी दाखवतात म्हणे, ते खरं का? पुढं कित्येक वर्षं ते खरंच राहिलं. ब्रह्मा घाटावर उतरणाऱ्या मराठी घरांना धर्मकृत्यांसाठी शास्त्रीबुवा आणि मुलाबाळांसाठी विद्युल्लताबाई, अशी वाटणीच पडून गेली. वार मात्र त्या प्रत्येक वेळी दोनदा विचारून घ्यायच्या.

पण त्या दुपारी पद्माने बातमी सांगितली तेव्हा बाई उत्तर देण्याआधीच आतून शास्त्रीबुवा बाहेर आले. पायात चपला, खांद्यावर शाल.

"ते पाहुणे येतील तेव्हा येतील," ते म्हणाले. "पाठशाळेला आज सुट्टी आहे. मानमंदिर घाटावर जयपूरच्या राजाची वेधशाळा आहे म्हणतात, ग्रहतारे मोजायची दगडी यंत्रं. ती मी पाहिलेली नाही. तू येतेस?"

बाईंनी चुलीवरची सब्जी उतरवली आणि हात पुसले. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याने दोघांना एकत्र, भर दुपारी, पूजेचं ताम्हन हातात नसताना निघालेलं पाहिलं आणि पानाला चुना लावता लावता त्याचा हात थांबला.

"पंडितजी, कहाँ चलली सवारी?"

"घूमे जात हई," ढुंढिराजशास्त्री म्हणाले, आणि बाईंसाठी एक मघई पान बांधून घेतलं.